प्रार्थना घेणाऱ्या बाई

शाळेसमोर सायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. तो शटर उघडायचा ते घड्याळ बघून नव्हे, तर बाईंचा आवाज ऐकून. आठला दहा कमी असताना मैदानातून "सावधान" असा आवाज आला, की तो कुलपात किल्ली घालायचा. म्हणून मुलांनी बाईंचं नाव ठेवलं होतं घड्याळबाई. बाईंना ते ठाऊक होतं, आणि वरून कितीही डोळे वटारले तरी मनातून आवडतही होतं.

बाई शिकवायच्या गणित, पण शाळेत त्यांची ओळख प्रार्थनेची. एकोणीस वर्षांपूर्वी त्या या सरकारी शाळेत रुजू झाल्या, त्याच आठवड्यात प्रार्थना घेणाऱ्या संगीताच्या सरांची बदली झाली. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांवरून नजर फिरवत विचारलं, "आवाज कुणाचा मोठा आहे?" सगळ्यांनी एकमताने नव्या बाईंकडे बोट दाखवलं. तेव्हा ते काम बाईंच्या गळ्यात पडलं, आणि त्यांनीही ते गळ्यातल्या दागिन्यासारखं मिरवलं.

प्रार्थना बारा ओळींची. गावातल्या बहुतेक घरांत जी म्हटली जायची, तीच. बाईंना ती त्यांच्या आईने शिकवली होती, केस विंचरताना, एका वेळी एक ओळ. जट निघेपर्यंत दोन ओळी पाठ व्हायच्या. बाई देवाला मानायच्या, आणि अगदी आतून मानायच्या. त्यामुळे सहाशे चाळीस मुलं आपल्या मागून देवाचं नाव घेतात, याचा त्यांना अभिमान होता. आपल्या हातून रोज दहा मिनिटं का होईना, पण पुण्याचं काम होतं, असं त्यांना वाटायचं.

कामही त्यांनी चोख बसवलं होतं. पहिल्या दोन ओळी सुरात, तिसऱ्या ओळीला नजर डावीकडून निघायची ती पाचवी अ, पाचवी ब करत सातव्या ओळीपर्यंत मैदानाच्या टोकाला पोचायची आणि बाराव्या ओळीला परत यायची. कुणी खुसखुसलं की त्या ओळ न तोडता चुटकी वाजवायच्या. कुणाचे हात जोडलेले नसले की भुवई उचलायच्या. कुणाचे डोळे उघडे दिसले, तर त्याची त्या दिवशी धडगत नसे.

त्या वर्षी सहावी ब मध्ये एक मुलगी आली. हनुवटीवर ठसठशीत तीळ, म्हणून सगळे तिला तिळी म्हणत. गणितात हुशार, वागायला गरीब, कधी कुणाच्या अध्यातमध्यात नाही. तिचे हात जोडलेले असत, डोळे मिटलेले असत, ओठही हलत असत. पण बाईंना काहीतरी खटकायचं. ओठ हलायचे, पण चालीवर हलायचे नाहीत. एके दिवशी बाई म्हणता म्हणता तिच्या रांगेपर्यंत गेल्या आणि गणिताच्या बाईंना जे कळायला नको होतं ते कळलं. ओठ बोलत होते, "सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट."

प्रार्थना संपल्यावर त्यांनी तिला जिन्याखाली बोलावलं.

"काय म्हणत होतीस गं?"

तिळीने खाली बघितलं. "पाढे."

"आणि प्रार्थना?"

"ती आमच्या घरी नाही म्हणत. आमची वेगळी आहे. आई म्हणते, जे आपण मानत नाही ते देवाला सांगायचं नसतं. मग खोटं बोलल्यासारखं होतं."

"मग आपली तरी म्हणायचीस मनात."

"मनात म्हणायला गेले, की तुमच्या आवाजात ती हरवते. पाढे हरवत नाहीत."

बाईंना हसू यायला हवं होतं, पण आला राग. आणि राग चढायच्या आतच पोरीने मान वर करून, अगदी खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "बाई, पण तुमची प्रार्थना कधी होते? तुम्ही तर सगळा वेळ आमच्याकडेच बघत असता."

या प्रश्नात आगाऊपणाचा लवलेश नव्हता. पण बाईंच्या तो असा वर्मी लागला, की त्यांनी तिला तडक वर्गात पाठवलं. दिवसभर त्यांच्या अपूर्णांकांचे छेद चुकत राहिले. आणि माणसाला लागलं की तो जे करतो, तेच बाईंनी दुसऱ्या दिवशी केलं. त्यांनी तिळीला रांगेतून बाहेर काढलं, मैदानाच्या पुढे आणून उभं केलं आणि म्हणाल्या, "आज पहिली ओळ ही म्हणेल, तिच्यामागून सगळे."

सहाशे चाळीस मुलं वाट बघत राहिली. तिळी उभी होती. हात जोडलेले, तोंड बंद. तिची हनुवटी थरथरायला लागली, तिच्यावरचा तीळ वरखाली व्हायला लागला. ती रडली नाही, पण मान खाली घातली आणि वरही करेना. समोरच्या पाचवीतलं एक पोर फिसकन हसलं, त्याला बघून आणखी दहा हसली. एक मिनिट गेलं असेल. बाईंना ते एक तासाएवढं वाटलं, पोरीला किती वाटलं असेल कुणास ठाऊक. शेवटी बाईंनी स्वतःच पहिली ओळ म्हटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. समोरचा सायकलवाला शटर अर्धं उघडून थबकला.

दुसऱ्या दिवशी तिळीची आई शाळेत आली. ती चष्म्याच्या दुकानात दुरुस्तीचं काम करायची. बोटं बारीक, नजर स्थिर. ती मुख्याध्यापकांच्या खोलीत बसली. हेडसरांनी बाईंनाही बोलावून घेतलं. बाई तयारीतच आल्या होत्या. ही बाई तोंड सोडेल, मग आपणही ऐकवू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण चष्मेवालीने आवाजही चढवला नाही.

"बाई, माझी मुलगी तुमचं नाव घरी दिवसातून चार वेळा घेते," ती म्हणाली. "गणित चुकलं तर तिला खुशाल शिक्षा करा, मी विचारायला येणार नाही. पण ती काल मला म्हणाली, म्हटलं तर देवाशी खोटं बोलले असं होतं, नाही म्हटलं तर बाईंचं ऐकलं नाही असं होतं, मग मी करू काय? अकरा वर्षांच्या पोरीला याचं उत्तर मी काय देऊ, ते तुम्ही सांगा."

चष्मेवालीने पिशवीतून घडी केलेला अर्ज काढून हेडसरांपुढे ठेवला. भांडणाची भाषा नव्हती. एवढंच लिहिलं होतं, की ही सरकारी शाळा सगळ्यांची आहे, इथे शिक्षकांनी एका धर्माची प्रार्थना सगळ्यांकडून म्हणवून घेऊ नये. हेडसर निवृत्तीला दीड वर्ष उरलेले गृहस्थ. कागदावर काही लिहिलेलं दिसलं, की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी तो अर्ज जसाच्या तसा वर पाठवून दिला. आठ दिवसांत शिक्षण कार्यालयाचं उत्तर आलं. दोन आठवड्यांनी शनिवारी शाळेतच सुनावणी होईल, अधिकारी स्वतः येतील, तोवर प्रार्थना बंद ठेवावी.

बातमी शाळेच्या भिंतीबाहेर पडली आणि औषधवाले पेटले.

औषधांचं दुकान चालवणारे हे गृहस्थ पालक समितीचे प्रमुख. मनाचे वाईट नव्हते, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली, की गावभर करायचे. त्यांनी दुकानाच्या फळीवर सह्यांची वही ठेवली. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस सही करूनच बाहेर पडे. चार दिवसांत तीनशे सह्या झाल्या. एका संध्याकाळी ते वही घेऊन बाईंच्या घरी आले.

"बाई, तुम्ही काळजी करू नका. सगळं गाव तुमच्या पाठीशी आहे. तुम्ही फक्त सुनावणीला उभ्या राहा आणि बोला. तुमच्यासारखं कोण बोलणार?"

बाई "बघू" म्हणाल्या. औषधवाल्यांनी त्याचा अर्थ "हो" घेतला आणि चहा पिऊन गेले.

बाईंचा नवरा बस आगारात टायरांच्या खात्यात होता. देवाधर्माच्या भानगडीत तो पडत नसे. तो बाईंनाही कधी अडवत नसे. औषधवाले गेल्यावर तो म्हणाला, "तीनशे सह्या म्हणजे गंमत नाही. आता तुला झेंडा केलं त्यांनी."

"मग काय बिघडलं?"

"काही नाही. पण झेंड्याला कुणी विचारत नाही, तुला वर जायचंय का म्हणून."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत चेष्टा सुचते," असं म्हणून बाई स्वयंपाकघरात गेल्या. कणीक मळताना मात्र त्यांना आठवलं, की औषधवाल्यांनी खरंच त्यांना काही विचारलं नव्हतं.

प्रार्थना बंद झाली तरी बाईंची सवय काही बंद झाली नाही. पहिल्या दिवशी त्या नेहमीसारख्या साडेसातलाच शाळेत हजर. मैदानात मुलं धावत होती, आणि बाईंना करायला काही नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत बसावं, तर लोक बोलायचे थांबायचे. म्हणून त्या वरच्या मजल्यावर नकाशांच्या खोलीत जाऊन बसल्या. गुंडाळलेले नकाशे, एक टेबल, दोन मोडक्या खुर्च्या, आणि खिडकीतून येणारं तिरपं ऊन. दार लावलं की खालचा गलका पाण्याखाली गेल्यासारखा वाटे.

आठला दहा कमी झाले. बाई उठून उभ्या राहिल्या, हात जोडले. मनात म्हणाल्या, मुलांना बंद केली आहे, मला तर नाही ना. त्यांनी सुरुवात केली. दोन ओळी झाल्या, आणि तिसऱ्या ओळीला आपली नजर डावीकडून निघून खिडकीपाशी पोचल्याचं त्यांच्या लक्षात आलं. डोळे उघडेच होते. त्यांनी ते मिटले. पाचव्या ओळीला त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "दुसरी रांग, हात!"

खोलीत कुणी नव्हतं. नकाशे होते.

बाई हसल्या, आणि हसता हसता एकदम घाबरल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी सहाव्या ओळीला बोटांनी चुटकी वाजवली. तिसऱ्यांदा शब्द बरोबर आले, पण ते कुणाच्या तरी हजेरीसारखे आले, नाव घेतलं की पुढचं नाव. आईने जटेबरोबर एकेक ओळ सोडवत शिकवलेली ती प्रार्थना कुठे गेली? कधी गेली? घरी तरी आपण कुठे म्हणतो? सकाळी शाळेत होतेच, म्हणून घरी म्हणायचं आपण केव्हाच सोडलं. म्हणजे पोरीने विचारलं तेच खरं. आपली प्रार्थना होते कधी?

तो दिवस त्यांचा वाईट गेला. दुसरा त्याहून वाईट. तिसऱ्या दिवशी त्या हट्टाने पुन्हा नकाशांच्या खोलीत गेल्या. नव्याने पाढा शिकणाऱ्या मुलाला त्या सांगायच्या ना, "घाई नको, एकेक घर चढ," तसं त्यांनी स्वतःला सांगितलं. एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. आणखी एक म्हणायची आणि थांबायचं.

चौथ्या दिवशी नवव्या ओळीशी त्या अडल्या. साधीच ओळ, "चुकलं ते पोटात घाल." मैदानावर नेमकी ही ओळ त्या भराभर उरकायच्या, कारण तिथे सातवीची मुलं हमखास ढकलाढकली करायची. आज ढकलाढकली करणारं कुणी नव्हतं. बाईंनी ओळ म्हटली आणि मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना थरथरणारी एक हनुवटी दिसली. त्या खुर्चीवर बसल्या. पदर तोंडाला लावून किती वेळ रडल्या, ते त्यांनाच कळलं नाही. घंटा झाली तेव्हा त्यांनी तोंड धुतलं, वर्गात गेल्या आणि छान शिकवलं. मनावरचं काहीतरी जागचं हललं होतं.

पुढचे सगळे दिवस बाई त्या खोलीत जात राहिल्या. कधी बाराही ओळी व्हायच्या, कधी चारच. कुणी मोजत नव्हतं. बाईंना वाटलं होतं, प्रार्थना बंद झाल्याने आपण कासावीस होऊ. आणि झालं होतं उलटंच. सकाळी उठताना अंग हलकं वाटायचं. घसा दुखत नव्हता. हे कुणाला सांगावं, तर लोक म्हणतील, बाई फितूर झाल्या. औषधवाले रस्त्यात भेटले की अंगठा वर करून विचारत, "तयारी झाली ना?" आणि बाई नुसती मान हलवून पुढे सटकत.

शनिवारी चित्रकलेच्या मोठ्या खोलीत सुनावणी झाली. बाकांवर पालक दाटीवाटीने बसलेले, उशिरा आलेले खिडक्यांना टेकून उभे. अधिकारी मॅडमना सर्दी झाली होती. त्या रुमाल नाकाला लावून एकेकाचं ऐकत होत्या आणि लिहून घेत होत्या. चष्मेवाली थोडक्यात बोलली. ती उभी राहिली तेव्हा मागच्या बाकावर कुजबुज झाली, पण तिने तिकडे पाहिलं नाही.

मग औषधवाले उठले. सह्यांची वही त्यांनी टेबलावर ठेवली, पण बोलायला लागले तेव्हा ते वहीविषयी बोललेच नाहीत.

"मॅडम, मी आणि माझी बायको दोघंही दुकानात. मुलगा उठतो तेव्हा मी दुकान उघडत असतो, तो झोपतो तेव्हा बंद करत असतो. त्याच्या कानावर देवाचं नाव पडतं ते फक्त या शाळेत, या बाईंच्या तोंडून. तेवढंही तुम्ही काढून घेणार?" त्यांनी वहीवर हात ठेवला. "आता बाईच सांगतील."

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाईंनी चार पानांचं भाषण लिहून आणलं होतं. औषधवाल्यांनी त्यात दोन ठिकाणी सुधारणाही केली होती. बाई उभ्या राहिल्या. पानं हातात होती, पण अक्षरं काही लागेनात.

"मी एकोणीस वर्षं या शाळेत प्रार्थना घेतली," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग त्यांनी पानं खाली ठेवली. "घेतली. केली नाही."

अधिकारी मॅडमनी लिहायचं थांबवून वर पाहिलं.

"मॅडम, मी देवाला मानते. इथे कुणाला शंका असेल तर त्याने माझ्या घरी येऊन बघावं. पण मैदानावर मी काय करत होते, तर कोण हसतंय, कोण चुळबुळतंय, कुणाचे डोळे उघडे आहेत, ते बघत होते. आणि ते बघायला माझे डोळे उघडे ठेवत होते. वर्षानुवर्षं मी देवाच्या नावाने पहारा केला. माझ्या पुढ्यात पोरं देवाला भीत नव्हती, मला भीत होती. आणि मागच्या महिन्यात एका मुलीने ते मला सांगितलं, म्हणून मी तिला सगळ्यांपुढे उभं करून शिक्षा केली. गणितात जिने आजवर एक उदाहरण चुकवलं नाही, तिला."

तिळीची आई स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

"हे दोन आठवडे मी कुणाची प्रार्थना घेतली नाही. वरच्या खोलीत एकटी बसले, आणि किती वर्षांनी माझी स्वतःची प्रार्थना झाली. ती मला आता सोडायची नाही. म्हणून सांगते, मला हे काम नको. मलाच काय, कुठल्याच शिक्षकाला देऊ नका. आम्हाला गणित शिकवू द्या."

बाई खाली बसल्या. आता काय कोसळायचं ते कोसळू दे, असं मनाशी म्हणून त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. मागून कुणीतरी म्हणालं, "हे काय भलतंच!" औषधवाले ताडकन उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"आणि माझ्या मुलाचं काय, बाई? त्याला कोण शिकवणार?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस त्यांच्यावर रागावलेला होता, पण त्याने विचारलेलं खोटं नव्हतं.

"तुम्हाला येते का हो पूर्ण?" त्यांनी हळू विचारलं.

"न यायला काय झालं? येते की. म्हणजे... पहिल्या चार ओळी येतात."

"बारा आहेत."

कुणीतरी हसलं, पण बाई हसल्या नाहीत. "मग असं करा, रविवारी माझ्या घरी या. शाळेत नव्हे, घरी. तुमच्या मुलाला नको, तुम्ही या. उरलेल्या आठ मी तुमच्याकडून पाठ करून घेते. मग तुम्ही त्याला शिकवा. दुकान उघडायच्या आधी जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात. ती त्याला तुमच्या तोंडून ऐकू दे. माझ्या तोंडून ऐकून त्याला काय आठवणार, चुटकीच ना?"

औषधवाले वही उचलून दाराकडे गेले. दारात क्षणभर थांबले आणि निघून गेले. त्यांच्यामागून सातआठ जण उठले. बाकीचे बसून राहिले.

अधिकारी मॅडमनी नाक पुसलं आणि निकाल तिथल्या तिथे सांगितला. शाळेच्या वेळात कुठल्याही शिक्षकाने धार्मिक प्रार्थना घ्यायची नाही. सकाळी हजेरी, सूचना आणि मग वर्ग. कुणाला आपल्या मनात आपलं काही म्हणायचं असेल तर त्याला कुणी अडवायचं नाही, आणि तो काय म्हणतो ते कुणी तपासायचंही नाही. "लेखी पत्र मंगळवारी येईल," असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

माणसं पांगली. बाई तशाच बसून होत्या. एवढं बोलून गेल्यावर आता भीती वाटायला हवी होती. पण जीव असा सुटल्यासारखा झाला होता, जणू कुणीतरी डोक्यावरची हंडा-कळशी हात देऊन उतरवून घेतली आहे. हेडसर खुर्ची सरकवून त्यांच्या शेजारी येऊन बसले. आजूबाजूला कुणी नाही, याची त्यांनी खात्री करून घेतली.

"बाई, एक सांगू? कुणाला बोलू नका."

"बोला की, सर."

"मला ती कधीच पूर्ण आली नाही. लहानपणापासून. मी या शाळेत इतकी वर्षं तुमच्या शेजारी उभा राहून फक्त प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मोठ्याने म्हणत आलो. तुम्ही माझ्याकडे वळून बघाल, म्हणून रोज सकाळी धडकी भरायची."

"तुम्हालासुद्धा माझी भीती वाटायची, सर?"

"तर! चुटकी वाजली की मीही हात जोडायचो."

मग मात्र दोघंही इतकी हसली, की बाक उचलायला आलेला शिपाई दारातच थांबून बघायला लागला.

चष्मेवाली तिळीला घेऊन व्हऱ्यांड्यात उभी होती. बाई त्यांच्यापाशी गेल्या. मोठ्या माणसाची माफी मागणं सोपं असतं, लहानाची मागताना हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही. बाईंनी वाकून तिच्या डोळ्यांशी डोळे आणले.

"त्या दिवशी मी तुला पुढे उभं केलं ते चुकलं माझं. तू बरोबर विचारलं होतंस. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी रागावले."

तिळीने आईकडे पाहिलं, मग बाईंकडे. "आता येतं का उत्तर?"

"आता येतं. वरच्या खोलीत, आठला दहा कमी असताना."

पोरीने गंभीरपणे मान हलवली, जणू उदाहरण तपासून बरोबरची खूण केली. मग म्हणाली, "बाई, मग मी सोमवारपासून मागच्या रांगेत उभी राहू का? माझी मैत्रीण तिथे असते."

"रहा की. बडबड मात्र करायची नाही."

"थोडी?"

"थोडी," बाई म्हणाल्या. चष्मेवालीला हसू आवरलं नाही. तिने बाईंचा हात हातात घेतला, दाबला आणि सोडला.

औषधवाले त्या रविवारी आले नाहीत. पुढच्याही आले नाहीत. बाई डोकेदुखीची गोळी आणायला गेल्या, तर त्यांनी गोळी दिली, पण बोलले नाहीत. हे बाईंना लागलं. त्यांनी स्वतःची समजूत घातली, की सगळ्यांशी सगळं गोड होईल अशी अपेक्षा आपण तरी का करावी? पाचव्या रविवारी दारावर थाप पडली. औषधवाले उभे होते, हातात मुलाची जुनी वही आणि पेन.

"पाचवीपासून अडतंय," ते चप्पल काढता काढता म्हणाले. "आणि एक आधीच सांगून ठेवतो, तुमचं ते सुनावणीतलं मला पटलेलं नाही."

"नका पटवून घेऊ," बाई म्हणाल्या. "बसा. पाचवी ओळ लिहा."

तो सुनावणीचा शनिवार संपला होता तो मात्र अगदी साधेपणाने. बाई दुपारी घरी आल्या. नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी होती, तो पंख्याचं पातं पुसत होता. त्याने शिडीवरूनच विचारलं, "काय झालं?"

"नाही म्हणाले मी."

"कशाला नाही?"

"झेंडा व्हायला."

तो शिडीवरून उतरला. त्याने फडकं झटकलं, बाईंकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "बरं केलंस. जेवलीस का?"

बाईंना आठवलं, आपण सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. त्याने पानं मांडली. दोघंही फार न बोलता जेवली. जेवल्यावर बाई खिडकीजवळच्या आरामखुर्चीत जरा टेकल्या. उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या, लाल पेन हातात घेतलं होतं. पहिली उत्तरपत्रिका उघडली. तिच्यातला भागाकार बरोबर आहे की चूक, हे ठरवता ठरवताच त्यांना झोप लागली. ती इतकी गाढ होती, की नवऱ्याने हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि पडदा सरकवला, तरी त्यांना पत्ता लागला नाही.